कवितेची उजवी बाजू

दुपारी जेवण झाल्यावर कविता पाठ करायला आडवं पडणं ही चूक आहे. मी ती रोज करतो. पुस्तक छातीवर आहे, पंखा फिरतोय, आणि फिरता फिरता त्याची पाती वल्ह्यांसारखी पाणी कापायला लागतात. मी अजून जागा आहे. तरी कॉट हलते.

“सरक लेका,” म्हणत वैज्या माझ्या उजवीकडे बसतो.

वैज्या म्हणजे वैजनाथ डोईफोडे, बी.ए. पहिलं वर्ष, बाकावरचा माझा जोडीदार. दिवाळीच्या सुट्टीत डेंग्यूनं गेला. सरोदे मॅडम आम्हाला सुरुवातीचं ब्रिटिश साहित्य शिकवतात. त्यातल्या हजार वर्षांपूर्वीच्या कवितांची ओळ मधोमध तुटलेली असते. डावीकडे अर्धी, मग मोकळी जागा, मग उजवीकडे अर्धी. मॅडमनी जोड्या लावल्या, एकानं डावी म्हणायची, दुसऱ्यानं उजवी. आम्ही दोघं हुशार. आपापली अर्धीच पाठ केली. त्यामुळे मला आज अख्खं जुनं ब्रिटिश साहित्य येतं, फक्त डावीकडून.

उद्या तोंडी परीक्षा आहे. मॅडम म्हणाल्या, नवा जोडीदार घे, नाहीतर एकटा म्हण. एकट्यानं म्हणायचं तर उजवी बाजू वाचावी लागेल. ती मी अजून वाचलेली नाही, हातानं झाकून ठेवतो. तीही मला आली, तर वर्गात वैज्याचं काहीच काम उरणार नाही.

कॉटचा बाक होतो आणि बाक लांबत जातो. इतका, की त्याच्या टोकाला शेकोटी आहे आणि भिंतींवर ढाली. आहे कॉलेजचं कॅन्टीनच, फक्त छप्पर उंच झालंय. दाढीवाले योद्धे रांगेत बसून मिसळ खातायत. आमचा शिपाई नामदेवमामा राजाच्या थाटात प्रत्येकाला एक सोन्याचं कडं आणि एक हॉल तिकीट देतोय.

“तुझं पण आलंय?” मी विचारतो.

“आलंय. फोटो मात्र नवीन मागायलेत. आता कुठून आणू?”

“बरा आहेस ना?”

“ताप उतरला.”

हे तो इतकं सहज म्हणतो, की त्याच्या कपाळाला हात लावून बघावंसं वाटतं. पण माझा हात पुस्तकावर आहे.

“उद्या तोंडी आहे, वैज्या. येशील ना?”

“तिकडून एस्टी नाही.”

“मग तुझी बाजू आत्ताच म्हण. मी ऐकतो.”

“विसरलो की.”

“सगळी?”

“सगळी. तिकडं कुणी विचारतच नाही बघ.”

आम्ही बसस्थानकावर उभे आहोत. तीन नंबरच्या फलाटाला राखाडी, गार पाणी लागलंय. पाण्यावर होडी, होडीत कंडक्टर. वैज्याच्या खांद्यावर बॅग आहे.

“हात काढ,” तो म्हणतो.

“नको.”

“काढ रे. तू डावी म्हणायचास तेव्हा मी नुसता माझ्या पाळीची वाट बघायचो. गोष्ट काय आहे, मला माहीतच नाही.”

मी हात काढतो.

डावीकडे एक माणूस थंडीत वल्हं मारतो. पुढच्या ओळीतही मारतो. मला वर्षभर वाटत होतं, कविता मासेमारीवर आहे. उजवीकडे तो बोलतोय. गेलेल्या मित्राशी, पहिल्या ओळीपासून. मधल्या मोकळ्या जागेपाशी मी थांबतो. वैज्या बरगडीत कोपर मारतो.

“थांबू नको.”

पुढच्या ओळीला मी पुन्हा थांबतो. पुन्हा कोपर. असं चाळीस ओळी.

“चांगली आहे रे,” वैज्या म्हणतो. “उगंच अर्धी पाठ केली.”

कंडक्टर घंटी ओढतो.

“चहा ठेवलाय,” आई म्हणते. “आणि कुणाशी भांडायलास? नुसतं ‘मारू नको, म्हणतोय ना’ चाललंय तुझं.”

मी उठून बसतो. उजव्या बरगडीत कळ येते. शर्ट वर करून बघतो, तर लिंबाएवढा लाल वळ.

“काय लागलं रे?”

“काही नाही. कॉटची कड.”

आई आत जाते. मी वळावर बोट दाबून बघतो. दुखतं. पुन्हा दाबतो.

तोंडी उद्या अकराला आहे. तोवर हे कमी व्हायला नको.