आलं का?

उदगीरात आमच्या समोरच्या घराच्या पत्र्यावर टीव्हीच्या फुकट वाहिन्यांची छत्री आहे. वानरं ती रोज हलवून जातात आणि संध्याकाळी तिथला माणूस वर चढतो. एका हातानं लुंगी सावरत छत्री फिरवतो आणि ओरडतो, "आलं का?"

खालून बायको, सून, म्हातारी एकदम ओरडतात, "आलं! गेलं! हात काढू नका!" मग नुसता हशा.

माझ्याकडे पैसे भरून सगळं दिसतं, तरी माझा जळफळाट होतो.

"नट आवळून टाका की एकदाचा!" परवा मी खिडकीतून खेकसलो.

तो हसला. "आवळल्यावर मला कोन हाका मारनार, सर?"

मी आत वळलो आणि मोठ्यानं ओरडलो, "आलं का?"

शेजारच्या खोलीतून बायकोचा मेसेज आला, "कोण आलं?"