डबीतलं अत्तर आणि खंडूमामाची मेंढरं

दौलताबाद रोडवरच्या आमच्या टीबीच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन. माझ्या टेबलावर रोज बेडक्याच्या डब्या साचतात आणि डबीमागे एक किस्सा. डब्या धुऊन टाकता येतात, किश्श्यांचं काय करायचं?

शहागंजातल्या अत्तरवाल्या चाचांना मी सांगितलं, सकाळी उठल्याउठल्या खोल खोकून जे येईल ते डबीत आणा. मायक्रोस्कोपखाली काहीच दिसेना, पण दिवसभर लॅबमध्ये खसचा घमघमाट! विचारलं तर चाचा ओशाळले. म्हणाले, "आपके सामने बदबू कैसे रखता, साब? पहले गुलाबजल से कुल्ली किया, फिर दो बूंद अत्तर डाला."

दुसऱ्या दिवशी बिनअत्तराची डबी आली. पॉझिटिव्ह! चाचांवर उपचार सुरू झाले आणि आमच्या लॅबचा वास पूर्ववत झाला.

*

पिशोरकडचे मेंढपाळ खंडूमामा आमचे जुने पेशंट. मागच्या खेपेला दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या आणि वर्षभरात पुन्हा रक्त पडायला लागलं. आमच्या डॉक्टर मॅडम तेव्हा त्यांच्यावर इतक्या चिडल्या होत्या, की बाहेरचे पेशंटसुद्धा गप्प बसले.

या वेळी मॅडमनी त्यांच्या बायकोची, सोनाबाईंचीही तपासणी लावली. हातावर कातडीखाली सुई द्यायची, पेनानं गोल करायचा आणि तीन दिवसांनी सूज मोजायची. जंतूंशी आधी गाठ पडली असेल तर शरीर तिथं सूज आणून ओळख दाखवतं. "गोल पुसू देऊ नका," मॅडमनी बजावलं.

तीन दिवसांनी सोनाबाईंचा हात टम्म! गोल मात्र ठळक, हिरवागार.

"पेनाचं टिकतंय व्हय? म्या गोंदूनच घेतलं!"

ही सूज टीबीची की गोंदणाची, हे मॅडमना काही ठरवता येईना. शेवटी एक्स-रे काढला. बाईंची छाती स्वच्छ निघाली आणि गोल आता जन्माचा!

*

"जंतूंनी माझं फुफ्फुस खाल्लं का?" खंडूमामांनी एकदा विचारलं.

मॅडमनी कागदावर चित्र काढलं. शरीराच्या पेशींना सगळे जंतू मारता येत नाहीत, म्हणून त्या भोवती कडं करून त्यांना कोंडतात. कडं मजबूत असेल तर जंतू आत पडून राहतात. ते आतून कुजलं की जंतू सुटतात. मग पेशी अशा तुटून पडतात की त्या मारामारीत आपलंच फुफ्फुस फाटतं.

मेंढरं कोंडायच्या जाळीला धनगर वाघर म्हणतात. मामांनी चित्रातल्या कड्यावर बोट ठेवलं.

"म्हंजी लांडगं वाघरीत अन् कुत्री भायेर? आमच्यात तर उलटं आस्तंय!"

तेव्हापासून मॅडम प्रत्येक पेशंटला वाघरच काढून दाखवतात. मेडिकलच्या पुस्तकातली आकृती त्यांनी कायमची सोडून दिली.

*

गोळ्यांचा चौथा महिना संपला आणि मामा म्हणाले, कळप घेऊन दोन महिने लांब चरायला जायचंय. मॅडमचा चेहरा पडला. आमच्या दवाखान्यातल्या सुलताना सिस्टरनी साठ दिवसांच्या गोळ्या बांधून दिल्या, रोज खूण करायला कार्ड दिलं. मामांनी कार्ड परत केलं.

"शेळी खाईल. म्या माझी खूण ठिवतो."

"मामा, एक भी गोली छूटी ना, तो मेरे से बात मत करना!" सिस्टरचे डोळे भरले होते. मलाही भीती वाटत होती. या वेळी जंतू सुटले तर साध्या गोळ्यांना दाद देतील की नाही, सांगता येत नव्हतं.

*

दोन महिन्यांनी मामा आले. त्यांची डबी तपासली, एकही जंतू नाही. मी नाचत मॅडमकडे गेलो, पण त्या म्हणाल्या, "मागच्या वेळीही डबी साफच होती. गोळ्यांचं बोला, मामा. साठच्या साठ घेतल्या?"

"भायेर या."

बाहेर दौलताबाद रोड बंद! शंभरेक मेंढरं, मागं रिक्षावाले बोंबलतायत. काही मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा.

"रोज गोळी घेतली की एक मेंढरू रंगवलं. मोजा!"

मॅडम, सिस्टर आणि मी तिघंही मोजायला लागलो. दोनदा मोजलं. एकोणसाठ.

मॅडम मामांकडे वळल्या. "मामा, एक चुकली."

"नाय बाई, गोळी घेतली. ते मेंढरू लांडग्यानं नेलं," मामा म्हणाले. "भायेरच्या."