बाराव्या श्लोकाची जागा

देवावर माझी श्रद्धा आहे. भुताखेतांवर ती कधीच नव्हती. ही दोन्ही एकच, असे समजणारे पुष्कळ भेटतात, म्हणून आरंभीच सांगतो. मी नित्य संध्या करणारा मनुष्य. परंतु कोणाला बाहेरची बाधा झाली असे कानावर आले, की त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवीत आलो. या सदरातील अनुभव वाचतो, तेही बहुधा मनातल्या मनात खोडून काढण्यासाठीच. आज माझाच अनुभव लिहावयास बसलो आहे… तो कोणी खोडून काढला, तर मी त्याचा ऋणी होईन.

बीदर जिल्ह्यात, निर्णा गावापासून कोसभर अलीकडे असलेल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी संस्कृत शिकवीत असे. शाळा जांभ्या दगडाची, बैठी. पश्चिमेच्या टोकाला विज्ञानाची खोली. तिच्या खिडकीबाहेर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी. त्या गिरणीची टुकटुक दिवसभर खोलीत येई. ती ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी काम आहे.

विज्ञान शिकवावयास तुळशीराम मेत्रे होते. वय पस्तिशीचे. मन्नाएखेळ्ळीहून रोज सायकलने येत; हँडलला ट्रान्झिस्टर लटकवलेला, आणि खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. शाळेच्या घंटेला त्यांनी गजराच्या घड्याळाची जोड दिली होती, आणि बिघडलेल्या पंख्यातून मुलांना वीज तयार करून दाखवली होती. बीदरला गेले की भंगारवाल्याकडे बसत, आणि रविवार संपता संपता पिशवीभर तारा घेऊन परतत. त्यांचे घराणे बौद्ध. वडिलांनी धर्मांतर केले तेव्हा मेत्रे शाळकरी वयाचे होते. देव ते मानीत नसत. पण माझ्या तासाला खिडकीबाहेर उभे राहून ऐकत. एकदा मी विचारले, तर म्हणाले, "मला देव न्हाई पायजे, पंडितजी. मला आवाज पायजे."

मग त्यांनी जे सांगितले, ते असे.

ज्या पाठशाळेत माझे अध्ययन झाले, तिच्या गोठ्यामागे त्यांचे वडील लाकडे फोडावयास येत. आत येण्याची त्यांना मुभा नव्हती. भिंतीपलीकडून त्यांनी सूर्याचे एक बारा श्लोकांचे स्तोत्र ऐकून ऐकून पाठ केले होते… आणि मरेपर्यंत, लाकडे फोडताना ते तेच म्हणत.

"मला बी आठ-नऊ श्लोक येतेत," मेत्रे म्हणाले, आणि त्यांनी म्हणून दाखवले.

आठव्या श्लोकाच्या दुसऱ्या चरणात, जिथे श्वास घ्यावयाचा नसतो, तिथे त्यांनी धाप लागल्यासारखा श्वास घेतला. तो श्वास मी ओळखला. लहानपणी मला दम्याचा त्रास होता; नेमका तिथेच माझा श्वास तुटे. गुरुजी मला हळू आवाजात सुधारीत. भिंतीपलीकडे त्यांचा आवाज पोहोचत नव्हता, माझा पोहोचत होता. माझी चूक त्या मनुष्याने बरोबर म्हणून उचलली, आणि मुलाच्या हाती दिली.

"आता नीट शिकवा," मी हे सांगितल्यावर मेत्रे म्हणाले. "चूक तुमची हाय, तर दुरुस्ती बी तुमीच करा."

संथेची आमची रीत अशी, की गुरूने एकदा म्हणावयाचे आणि शिष्याने दोनदा. दोन्ही वेळा बिनचूक आले तरच पुढचा चरण. मी आज-उद्या करीत राहिलो. चातुर्मास संपू द्या म्हणालो. तो संपला, तर परीक्षा होऊ द्या म्हणालो. अखेरीस त्यांनीच युक्ती काढली. नवीन टेपरेकॉर्डर त्यांनी आणलाच होता. मी चरण एकदा म्हणावयाचा, मग दोनदा म्हणण्याइतकी जागा मोकळी सोडावयाची. वर्गात टेप लावली की मोकळ्या जागेत मुले म्हणतील, आणि मेत्रेही.

एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, विज्ञानाच्या खोलीत आम्ही बसलो. शाळेचे शिपाई मैनुद्दीनचाचा चहा घेऊन दारात उभे होते.

"पंडितजी, मशीन कू मुँह दिखा के बोलो," चाचा म्हणाले, "नै तो शरमाती."

मेत्रे घड्याळाकडे पाहून हात वर करीत, तेव्हा मी म्हणावयाचे. हात खाली, की थांबावयाचे. मोकळ्या जागांत गिरणीची टुकटुक भरली जात होती. अकरा श्लोक झाले. बाराव्याला त्यांनी हात वर केला… आणि मी मान हलवली.

बारावा श्लोक मुंज झालेल्यालाच द्यावयाचा, असे गुरुजींनी माझ्या हातावर पाणी घालून वदवून घेतले होते.

मेत्र्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग हसले. "मग मशीनची मुंज लावू या, पंडितजी. जानवं म्हणून वायर घालतो."

चाचाही हसले. मी हसलो नाही. आज इतकेच म्हणतो, की गुरूंचे नाव मी पुढे केले. नकार माझा होता.

त्यांनी बटन दाबले. खट् असा आवाज झाला. मग कॅसेट काढून त्यांनी तिच्या पाठीवरची छोटी पट्टी स्क्रू ड्रायव्हरने मोडली. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितले. "कोणी चुकून पुसू नये म्हणून. बाराव्याची जागा शिल्लक ठेवलीय. तुमचं मन झालं की ह्या भोकावर कागद चिकटवू, मग भरता येतंय."

पुढचे तीन आठवडे ते रोज सायकल लावता लावता विचारीत, "पंडितजी, बारावा?" आणि मी म्हणे, "पाहू." त्या काळात नववीच्या वर्गात ती टेप तीन-चारदा लावली गेली. मोकळ्या जागांत गिरणीखेरीज काही नव्हते, हे मी स्वतः ऐकले आहे.

मग त्यांना कावीळ झाली. बीदरला नेले. नऊ दिवसांत सर्व आटोपले.

शाळेने पुढे दोन महिने त्यांच्या कपाटाला हात लावला नाही. होळी होऊन गेली. मधल्या काळात गिरणीवाल्याने आपले इंजिन हमरस्त्यावर हलवले. पलीकडे नुसता ओटा राहिला. एका सकाळी माझा घसा बसला होता, म्हणून मी चाचांकडून कपाट उघडवले आणि वर्गाआधी एकदा ऐकावी म्हणून टेप लावली. वेळ अकराची, खिडकीतून ऊन आत आलेले.

माझा आवाज आला. पहिला चरण संपला. मोकळी जागा आली… आणि गिरणीची टुकटुक थांबली.

त्या जागेत मेत्र्यांनी चरण म्हटला. स्पष्ट, सावकाश, शिकणारा मनुष्य म्हणतो तसा. त्यानंतर तोच चरण दुसऱ्यांदा आला. पण तो आवाज मेत्र्यांचा नव्हता. वयस्क, जाडसर आवाज, दुरून येणारा… मध्ये एखादी भिंत असावी तसा.

चाचांच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला. "या अल्ला… पंडितजी, मेत्रे सर बोल रै. और वो दूसरा कौन?"

आम्ही अकराही श्लोक ऐकले. प्रत्येक चरण दोनदा, एकदा जवळून, एकदा दुरून. आठव्या श्लोकाला मेत्रे चुकले नाहीत. दूरचा आवाज मात्र नेमका तिथे धापला. अकरावा संपला. यानंतर पूर्वी ती खट् ऐकू येई आणि टेप मुकी होई. त्या दिवशी खट् आली नाही. कोणीतरी श्वास रोखून थांबले आहे, अशी शांतता फीत संपेपर्यंत पसरली.

मी कॅसेट उलटून पाहिली. पट्टी मोडलेली होती, भोक उघडे होते.

रविवारी टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन मी चाचांसह मन्नाएखेळ्ळीला गेलो. मेत्र्यांच्या घरात मी तोवर पाऊल टाकले नव्हते. दारातूनच निरोप देऊन परतत आलो होतो. त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी आत बोलावले, पाणी दिले. मी ते प्यालो. तांब्या त्यांनी परत उचलला नाही, माझ्याजवळच राहू दिला.

टेप लावली. मेत्र्यांचा आवाज ऐकताच त्यांनी पदर तोंडाशी धरला. दुसरा आवाज आला, तेव्हा पदर खाली आला.

"ह्यो मामाचा आवाज हाय, गुरुजी. माझ्या सासऱ्याचा. लाकडं फोडताना असंच म्हनायचे. असाच दम लागायचा."

"नक्की?" मी विचारले.

"दहा वर्सं त्यांना भाकर वाढली म्या. वळखायची न्हाई का?"

अकरावा श्लोक संपला, आणि पुन्हा ती शांतता आली. कमलाबाई यंत्राकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागल्या.

"कामून थांबलेत ते?"

मी त्यांना सर्व सांगितले. हातावरचे पाणी, मुंज, गुरूंना दिलेला शब्द, शनिवारचा नकार. त्यांनी ऐकून घेतले. रागावल्या असत्या, तर मला सोपे गेले असते.

"हे आजारी असताना बी म्हनायचे, पंडितजीनी अकरा दिलेत, बारावा देतेल. मानूस वाईट न्हाई म्हनायचे." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या गुरूचं पानी मोठं आसंल. मी काय सांगू? पर ते थांबायलेत, गुरुजी."

मी ऐंशी मैल चालून आल्यासारखा थकलो होतो. गुरुजींचा चेहरा आठवला. माझ्या दम्यासाठी रात्ररात्र जागणारा तो पुरुष. त्याला दिलेला शब्द मी चाळीस वर्षे सांभाळला होता. तो मोडला, तर माझे अध्ययन निष्फळ, असे त्यांनीच बजावले होते. आणि समोर यंत्रातील फीत फिरत होती… ती संपावयास फार वेळ नव्हता.

मी मांडी घातली. ज्या दिशेला गुरुजींपुढे बसत असे, त्या दिशेला तोंड केले, आणि क्षमा मागून बाराव्या श्लोकाचा पहिला चरण म्हटला.

दोन्ही आवाजांनी तो म्हटला, एकामागून एक. मी दुसरा म्हटला. तिसरा. चौथा चरण सर्वांत लांब, एका श्वासात म्हणावयाचा. मेत्र्यांनी तो म्हटला. मग तो दूरचा आवाज… न धापता, न तुटता, शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचला. आणि मला असे वाटले, की या वेळी तो दुरून आला नाही. मध्ये भिंत नव्हती.

"बरोबर," मी म्हणालो. संथा पुरी झाली की गुरूने हा शब्द उच्चारावयाचा असतो.

फीत संपली. बटन आपोआप उडाले.

चाचांनी फीत मागे घेऊन टेप पुन्हा लावली. मोकळ्या जागा मोकळ्याच होत्या. गिरणीची टुकटुक, दुसरे काही नाही. मला वाटले, संपले सर्व. अकरावा श्लोक झाला. आणि मग माझ्या आवाजात बारावा सुरू झाला.

तो कमलाबाईंच्या घरी, बसलेल्या घशाने म्हटलेला बारावा नव्हता. घसा स्वच्छ होता. चरणांमागे गिरणी चालत होती… त्या शनिवारसारखी. आणि मधल्या मोकळ्या जागाही मेत्र्यांनी घड्याळ पाहून सोडाव्यात, तितक्याच मापाच्या.

पुढे मी ती कॅसेट बीदरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यास ऐकवली, काही न सांगता. त्याने दोनदा ऐकली. म्हणाला, "एकाच बैठकीत भरलंय सगळं. मध्ये कुठं बंद केलेलं न्हाई." आणि भोकाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे मोडल्यावर कोनी काय भरनार?"

यंत्र खोटे बोलत नाही, असे मेत्रे नेहमी म्हणत. यंत्र सांगते, की त्या शनिवारी, ते जिवंत असताना, समोर बसलेले असताना, मी त्यांना बारावा श्लोक दिला. मला आठवते, मी मान हलवली होती. चाचांनाही तसेच आठवते. अनेकांना विचारले, विज्ञान जाणणाऱ्यांना, शास्त्र जाणणाऱ्यांनाही. उलगडा झाला नाही, आणि आता या वयात तो होईल असे वाटत नाही.

कॅसेट कमलाबाईंजवळ आहे. निवृत्त होईपर्यंत मी वर्गात बाराही श्लोक शिकवले, ज्याला हवे त्याला. ती टेप ऐकून कोणी म्हणते, "पंडितजी, तुम्ही तर दिला होता की!" तेव्हा मी म्हणतो, नाही, मी दिला नव्हता. मेत्र्यांनी मला त्या नकारातून सोडवले असेल… मी स्वतःला सोडवून घेणार नाही.