साइटवर बघून घेऊ

पुण्याची नोकरी सोडून मी लातूरला परत आले ती एका शब्दावर. माझे सर, म्हणजे इथले नावाजलेले आर्किटेक्ट, म्हणाले होते, "आपण पूर्ण इमारत आधी मॉडेलवर बांधू, मगच जमिनीवर." मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरवर उभी केलेली अख्खी इमारत. भिंती, बीम, पाइप, वायरी, सगळं खऱ्या मापाचं. पाइप बीमला आडवा आला तर कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही, मॉडेलात ती जागा लगेच लाल होते. आमचा औसा तालुका. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात संसार केलेल्या आईची मी लेक. घर आधी तपासून मग बांधायचं, एवढ्यावरच मी भुलले.

पहिलं काम एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं. मॉडेल करायला घेतलं आणि कळलं, त्यात भरायला माहितीच कुणी देत नाही. प्लंबर म्हणायचा, भिंत उभी राहू द्या, मग सांगतो पाइप कुठून जाणार. गुत्तेदाराला, म्हणजे कंत्राटदाराला, तर मॉडेल नकोच होतं. सगळं आधीच ठरलं तर मधे हात मारायला त्याला जागा कुठं उरणार? डॉक्टरांना मात्र मॉडेल फार आवडलं, म्हणजे त्यातून काढलेला व्हिडिओ. रंगीत इमारत गोल फिरते, दार आपोआप उघडतं. तो त्यांनी साऱ्या भावकीला पाठवला.

स्लॅबच्या तोंडावर वास्तुवाले आले आणि वरच्या मजल्यावरचा संडास दुसऱ्या कोपऱ्यात गेला. मी मॉडेलात तसा बदल केला. संडासाचा पाइप थेट खालच्या वेटिंग हॉलवरच्या मुख्य बीममधून निघाला. लालभडक. सरांना दाखवून म्हटलं, स्ट्रक्चरल इंजिनिअरना आठवडाभर द्या, मार्ग निघेल. पण स्लॅबचा मुहूर्त काढलेला, जिलेबी सांगितलेली, डॉक्टरांचे सासरे नारळ फोडायला येणार होते.

"मॅडम, तुमचं कॉम्प्युटर मुहूर्त बघतंय व्हय?" गुत्तेदार म्हणाला. "स्लॅब पडू द्या. पाइपाचं साइटवर बघून घेऊ."

सरांनी चहा संपवला आणि स्लॅबला होकार दिला.

साइटवर बघितलं ते असं. ब्रेकर लावून बीम फोडला, मधे आले ते गज कापले, पाइप घातला, वरून सिमेंट लिंपलं. मी ते भगदाड मॉडेलात जसंच्या तसं दाखवलं आणि सरांना म्हटलं, बीमला मजबुती देऊन घेऊ. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते राहू दे. उद्घाटनाला जुना व्हिडिओ लाव." मी डॉक्टरांना फोन करून फोडलेल्या बीमचं सांगितलं. ते म्हणाले, "सरांनी बघितलंय ना? मग झालं." चूक पकडायला केलेली वस्तू आता चूक झाकायला वापरणार होते, आणि ती माझ्या हातची होती.

उद्घाटनाला वेटिंग हॉलच्या मोठ्या टीव्हीवर इमारत फिरत होती, धडधाकट, एक ओरखडा नसलेली. डॉक्टरांनी मला पुढं बोलावून शाल दिली. म्हणाले, "कॉम्प्युटरवर तपासून बांधलेला दवाखाना आहे हा." टाळ्या पडल्या. नांदेडचे एक बिल्डर सरांना म्हणाले, आम्हालाही असाच व्हिडिओ पाहिजे. सरांनी कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवलं.

आई मधल्या रांगेत बसली होती. वर पीओपीचं पांढरंशुभ्र छत आणि त्याच्या आड तो बीम, बरोबर तिच्या डोक्यावर. मी शाल तशीच अंगावर घेऊन तिच्याकडे गेले.

"ऊठ. तिकडं दाराजवळ बस."

"का गं? हितं वारं लई चांगलं लागायलंय."

मी तिला दंडाला धरून उठवलं आणि दाराशी नेलं. मागं वळून पाहिलं तर तिच्या खुर्चीवर एक पोटुशी बाई येऊन टेकली होती, आणि पदरानं वारा घेत टीव्ही बघत होती.