अभिप्रायाखालची लिंक

तंजावुरात ब्राउझिंग सेंटरं नवी होती, तेव्हा आमच्या ओळखीचा एक पोरगा एका लॉजची वेबसाइट सांभाळायचा. इंटरनेटवरच्या शोधात लॉजचं नाव वर यावं म्हणून लोकांच्या वेबपानांवर अभिप्राय लिहून खाली लॉजची लिंक चिकटवायचा. पण आधी पडद्यावर बोट ठेवून अख्खं पान वाचायचा. मला म्हणायचा, "वाचूनच चांगलं म्हणतो, अण्णा. मग तप्पु कसं, चूक कशी?"

बाबा शाळेत मास्तर होते. ते वारल्यावर मी त्यांच्या आठवणींचं पान केलं. त्यावर त्यानं लिहिलं, "बोट ठेवून वाचायला मला मास्तरांनी शिकवलं, मोठ्या देवळातल्या मराठी शिलालेखावर." खाली लॉजची लिंक होतीच.

माझं डोकंच फिरलं. पण लिंक काढायची तर अख्खा अभिप्राय पुसावा लागत होता, आणि बाबांनी ही गोष्ट घरी कधीच सांगितली नव्हती.

लिंक अजून तिथंच आहे.