सबीरभाऊंचा ब्रेक आणि देवरावभाऊंचे ठोकळे

सबीरभाऊ मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट त्यांच्या कुरखेड्याच्या शेडमध्ये झाली. मी तेव्हा बी.ए. करत होतो. काकांनी लिलावात घेतलेला मिलिटरीचा जुना ट्रक मी नेला होता. धानाची पोती भरली की हँडब्रेक ओढूनही तो उतारावर सरकायचा. केबल मी तीनदा आवळली होती. भाऊ गाडीखाली गेले, ब्रेकच्या ड्रमवर बोट फिरवलं, वास घेतला आणि ते बोट माझ्यासमोर धरलं.

"केबलचा गळा काऊन दाबून राह्यला, बावा? लिवर सैल असन तं केबल पाय. लिवर घट्ट हाय अन् तरी गाडी सरकते, तं तेल पाय."

गिअरबॉक्सचं सील गळून ब्रेकच्या पट्ट्यांवर तेल उतरत होतं.

"बी.ए.मदी हे नाई शिकवत काय?"

"नाई, भाऊ."

"मंग रोज येत जा."

मी अजून जातो.

आमच्या भागात लाकूड ओढणारे किती जुने ट्रक भाऊंनी चालते ठेवले, ते या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या एका सवयीबद्दल लिहितो. चाकांना लाकडी ठोकळे लागलेले स्वतः पाहिल्याशिवाय भाऊ कुणालाच जॅक लावू देत नाहीत. एकदा एका ड्रायव्हरने टोमणा मारला, "ब्रेक तुमीच बनवला ना, भाऊ? तुमाले तुमचाच भरोसा नाई?"

"नाई," भाऊ म्हणाले. मग त्यांनी शांतपणे समजावलं. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, मागे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. मागचं एक चाक उचललं की ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुटतं. ब्रेक शाबूत असतो आणि गाडी चालू लागते.

या ग्रंथासाठी काय लिहू, असं मी विचारलं तेव्हा भाऊंनी पान्हा पुसून खाली ठेवला. म्हणाले, "देवरावच्या हाताचं लिही. नाईतं मी सत्काराले येत नाई."

तरुणपणी, दोघं एकाच मालकाकडे कामाला असताना, एकदा "ब्रेक पक्का हाय, लाव जॅक," असं भाऊंनीच सांगितलं होतं. ठोकळा लावला नव्हता. ट्रक जॅकवरून घसरला, ड्रायव्हर देवरावभाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्यांची ड्रायव्हरकी सुटली.

ग्रंथाच्या समितीत काहींना वाटलं, गौरवग्रंथात हे कशाला? म्हणून मी मसुदा घेऊन देवरावभाऊंकडेच गेलो. शेडमधले सगळे ठोकळे आजही तेच तासतात, उरलेल्या तीन बोटांत वाकस धरून. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"ते राहू दे ग्रंथात. पन हेबी लिही. मालक मले दोष देऊन राह्यला होता. सबीर सगळ्याइसमोर म्हने, चूक माही हाय. सबीरचं काम गेलं त्या दिवशी."

हे मला भाऊंनी कधीच सांगितलं नव्हतं.

भाऊ, पंच्याहत्तरी झाली. गाडीखाली शिरायची ताकद अजून खूप वर्षं तुमच्या अंगात राहो. सत्काराला काकांच्या त्याच ट्रकमधून या. मंडपासमोर उतार आहे. ठोकळा लावायला देवरावभाऊ उभे असतील.