वाळूवरचं हॉटेल आणि माझे पन्नास सेंट

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा तर काहीच भरवसा नाही. चौथीनंतर हातात पेन आलं ते वाणसामानाची यादी करण्यापुरतं. कुणाच्या वाचनात हे आलंच तर सांभाळून घ्यावं. परत आल्यापासून आळीतल्या बायका विचारतात, "हॉलंड कसं होतं गो?" मी "छान होतं, थंडी होती" म्हणते आणि कामाला लागते. चारचौघींत सांगता येत नाही म्हणून लिहून ठेवते.

आमची गुहागरकडे समुद्रावर घरगुती खानावळ आहे. मी चुलीपाशी असते. पाहुण्यांशी बोलायचं काम ह्यांचं. मुलगी रुपाली हेगला नोकरी करते. तिने तिकीट काढलं आणि मार्चमध्ये मला बोलावून घेतलं. हे खानावळीला राहिले.

पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "चल आई, तुला आमचा समुद्र दाखवते."

"समुद्र काय दाखवतेस? तो काय घरी नाही?"

"हा वेगळा आहे. स्वेटर दोन घाल."

ट्राम शेवेनिंगनच्या किनाऱ्याशी थांबली आणि वाऱ्याने माझा पदर थेट रुपालीच्या तोंडावर नेला. समुद्र राखाडी होता, भांडी घासलेल्या पाण्यासारखा. माड नाहीत, होड्या नाहीत. वाळू मात्र आमच्यापेक्षा दसपट रुंद, आणि त्या वाळूवर ट्रॅक्टर, क्रेन आणि हातोड्यांचा आवाज. माणसं वाळूवर घरं बांधत होती.

रुपालीने सांगितलं, ही पॅव्हिलियन (वाळूवरची हॉटेलं). हिवाळ्यातल्या वादळात टिकत नाहीत, म्हणून दर वर्षी सीझन संपला की फळी न् फळी उतरवून गोदामात ठेवतात आणि वसंतात पुन्हा उभी करतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते, जर्मनीहूनही गाड्या येतात, तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. मला आमचा जत्रेचा मांडव आठवला. पण मांडवाला काचेच्या भिंती आणि स्वयंपाकघर नसतं.

एवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून ती भिंतीच्या आडोशाला गेली आणि मी एकटी उरले. थंडीने माझी पंचाईत झाली होती. जवळच्या हॉटेलात फळ्यांची जमीन घालून झाली होती, छप्पर अर्धं होतं, पण शौचालयाचं दार दिसलं. दाराशी कार्डाचं यंत्र. माझ्याकडे कार्ड नाही, पैसे नाहीत, भाषा नाही. मी नुसती उभी.

फळीला स्क्रू मारत बसलेली एक उंच, पिकल्या केसांची बाई उठली. माझ्या तोंडाकडे पाहून तिला सगळं कळलं असावं. बायकांना कळतं. तिने खिशातून आपलं कार्ड काढून यंत्राला लावलं, दार उघडलं. मी बाहेर आले तेव्हा ती तिथेच होती. तिने यंत्रावरचा आकडा बोटाने दाखवला, मग माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. पन्नास सेंट. ते तू मला आणून द्यायचे. माझे कान तापले. मी मान डोलावली आणि तिथून निघाले.

घरी रुपाली हसून लोळायची बाकी राहिली. "अगं, पन्नास सेंट म्हणजे काहीच नाही. विसरलीसुद्धा असेल."

"मी नाही विसरले."

तिला ते कळायचं नाही. आमच्याकडे मेमध्ये गाड्या थांबतात, बायकापोरं उतरून आमचं न्हाणीघर वापरतात, मी बादलीभर पाणी देते. "येताना देतो हं, मावशी!" म्हणतात. येताना गाडी थांबत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असते. मला त्या गाडीतली व्हायचं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, हे पैसे त्या बाईच्या हातात दिल्याशिवाय विमानात बसायचं नाही.

एप्रिलमध्ये रुपाली कामावर गेल्यावर तिचं ट्रामचं कार्ड घेऊन आणि तिच्याकडून घेतलेलं पन्नास सेंटांचं नाणं मुठीत धरून मी एकटी ट्रामने गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी, आणि तेही परदेशात. किनारा ओळखू येईना. काचेच्या भिंती लागल्या होत्या. वाऱ्याने पायऱ्यांवर आणलेली वाळू दोघे जण फावड्याने काढत होते. लहान लहान लाकडी घरं ट्रॅक्टरमागून येऊन ओळीत बसत होती. जागोजागी उंच खांब, प्रत्येकावर वेगळं चित्र: मासा, होडी, कोंबडी. गर्दीत पोर हरवलं तर त्याला आपलं चित्र सांगता यावं, म्हणून. मला ते फार आवडलं. माझ्या हॉटेलासमोर कोंबडी होती. मी ती लक्षात ठेवली.

बाई नव्हती, सामान आणायला गेली होती असं मागाहून कळलं. गल्ल्यावरच्या मुलीने नाणं पाहून मान हलवली आणि पाटीकडे बोट केलं. नंतर रुपालीने सांगितलं, तिथे फक्त पिनन (कार्डाने पैसे देणं) चालतं. रोख घेतच नाहीत. मी परत फिरले. हातमोज्यात नाणं नीट धरता येईना. ते निसटलं, फळीवर एकदा वाजलं आणि फटीतून खाली गेलं. मी वाकून पाहिलं. खाली काळोख आणि वाळू.

रोख घेत नाहीत म्हणून पुढच्या खेपेला मी बेसनाचे लाडू केले. रुपाली बरोबर होती. बाईचं नाव आनेके. हॉटेल तिचंच. तिच्या आईनेही इथेच चहा विकला होता. तिने एक लाडू खाल्ला, डोळे मिटले, दुसरा उचलला. रुपालीने आपला हातात धरला तोच एक समुद्रपक्षी आला आणि लाडू घेऊन गेला. आनेके एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग आत जाऊन तिने डबा धुऊन, पुसून, रिकामा आणून दिला. आमच्याकडे निदान चिमूटभर साखर तरी घालतात.

मग तिने हात पुढे केला आणि काहीतरी म्हणाली. रुपाली लाल झाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, लाडू फारच छान. आणि पन्नास सेंट?"

"बघ! मी सांगत नव्हते?"

"चेष्टा करतेय गं ती!" रुपालीने फोन काढला, "मी आत्ता पाठवते." आनेकेने तिचा हात बाजूला सारला आणि माझ्याकडे बोट केलं. हे तुझं काम नाही, हिचं आहे. तिचे डोळे हसत होते, पण हात पसरलेलाच होता. आणि नेमकं त्या दिवशी आमच्याकडे एकही नाणं नव्हतं.

सुट्टीच्या पहिल्या शनिवारी लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं विमान. रुपालीच्या घरात रोख म्हणून एकच नाणं होतं, दुकानातली ढकलगाडी नाणं घातल्याशिवाय सुटत नाही, त्यासाठी ठेवलेला एक युरो. तो घेऊन निघालो. ट्राममध्ये शिरता येईना. मार्चपासून ज्याची तयारी चालली होती ते सगळं आलं होतं: छत्र्या, कुत्री, पोरं, उघड्या पाठी, तळलेल्या माशाचा वास. सायकलींच्या रांगेचं टोक दिसत नव्हतं.

"आई, राहू दे आता. ती कामात असेल."

"कोंबडी शोध," मी म्हटलं.

कोंबडीच्या खांबासमोर आनेके कॉफीचा ट्रे घेऊन धावत होती. मला पाहून थांबली. मी नाणं ट्रेवर कपांच्या मधे ठेवलं. तिने पाहिलं. एक युरो.

मी हाताने सांगितलं, असू दे. ती म्हणाली, "नेय, नेय" (नाही, नाही). ट्रे जवळच्या टेबलावर ठेवला. आचाऱ्याला विचारलं, गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं. सुट्टे कुणाकडे असणार? लोक कॉफीसाठी हाका मारत होते. रुपाली माझी बाही ओढत होती. आनेके रांगेत शिरली, माणसागणिक विचारत गेली. शेवटी एका म्हाताऱ्याने चामड्याचं पाकीट काढलं, चष्मा लावला आणि युरो घेऊन पन्नास-पन्नासची दोन नाणी तिला दिली.

एक तिने आपल्या एप्रनच्या खिशात टाकलं. दुसरं माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली.

"क्लार," ती म्हणाली (झालं). मग ट्रे उचलून गर्दीत गेली. मी पहिल्यांदाच तिथल्या खुर्चीवर पाठ टेकून बसले आणि समुद्राकडे पाहिलं. मधल्या दिवसांत तो निळा झाला होता.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे हिशेबी. म्हणाले, "पन्नास सेंट फेडायला ट्रामचं भाडं किती गेलं?"

"ते रुपालीच्या कार्डावर गेलं," मी म्हटलं. "पन्नास सेंट माझे होते. ते पूर्ण फिटले."